अफू आणि आतडे

गिरणगावातील आया पूर्वी कामावर जाताना तान्ह्या मुलांना अफूची ‘बाळगोळी’ देत. मूल दिवसभर निजून राही आणि त्याचे पोटही बांधले जाई. एखादे मात्र निजले ते उठतच नसे, कारण अफूने श्वासही मंदावतो. मेंदू आणि आतडे इतके दूर असताना हे सारे एकाच पदार्थाने कसे व्हावे?

याचा माग लागला तो आतड्यातूनच. स्कॉटलंडातील ॲबरडीन येथे हान्स कॉस्टरलिट्झ गिनीपिगच्या लहान आतड्याचा तुकडा कोमट क्षारद्रवात टांगीत, त्यात प्राणवायूचे बुडबुडे सोडीत आणि ठरावीक अंतराने त्याला विजेचा हलका झटका देत. प्रत्येक झटक्याला तुकडा आकसे. (प्राणी गेला तरी आतडे आपला धंदा कित्येक तास सोडीत नाही, याचे नवख्याला नवल वाटते.) मॉर्फिन पडले की आकुंचन क्षीण होते, कारण स्नायूला हुकूम पोचविणारे ॲसिटिलकोलीन मज्जातंतूंतून कमी सुटते. नॅलॉक्सोन हा उतारा घातला की ते पूर्ववत होते.

मॉर्फिनप्रमाणेच केटोसायक्लाझोसीननेही आकुंचन घटते. मग दोहोंत भेद कसा ओळखावा? उताऱ्याच्या मात्रेवरून! औषध जेथे चिकटते ती पेशीवरील जागा, म्हणजे ‘ग्राही’, एकाच जातीची असती, तर दोहोंविरुद्ध नॅलॉक्सोनचा जोर सारखाच दिसला असता. प्रत्यक्षात मॉर्फिनला थोडा पुरतो, दुसऱ्याला कित्येक पट लागतो. तेव्हा जाती निराळ्या. विल्यम मार्टिन यांनी 1976 साली कुत्र्यांवरील प्रयोगांवरून त्यांना ‘म्यू’ आणि ‘कप्पा’ ही नावे दिली. म्यू मॉर्फिनवरून, कप्पा केटोसायक्लाझोसीनवरून. शरीर स्वतःच बनविते ती अफूसारखी द्रव्ये, एन्केफॅलिने, 1975 मध्ये सापडली होती. ती उंदराच्या शुक्रवाहिनीवर आतड्यापेक्षा अधिक प्रभावी ठरली. त्यावरून 1977 मध्ये ‘डेल्टा’ ही तिसरी जात मानली गेली.

आता मूळ प्रश्न. वेदना शमविणारा, श्वास मंदावणारा आणि पोट बांधणारा ग्राही मुख्यतः एकाच जातीचा आहे: म्यू. म्हणून केवळ जात निवडून सुटका नाही. औषध कोठे पोचते हेही पाहावे लागते. जुलाबावरचे लोपरामाइड म्यूलाच चिकटते, पण मेंदूच्या सीमेवरील पेशी त्याला बाहेर लोटतात. मात्रा फार वाढली तर मात्र हृदयाची लय बिघडते. दोन वर्षांखालील मुलाला तर ते देऊच नये. त्याच्या जुलाबावर आधी क्षार-साखरेचे पाणी, आणि लगेच डॉक्टर.