वळूचे साठ दिवस

‘मनोबलाचे खच्चीकरण’ हा शब्दप्रयोग आपण वर्तमानपत्रात नेहमी वाचतो. त्याचे मूळ गोठ्यात आहे. औताला शांत बैल हवा म्हणून खोंडाचे वृषण पूर्वी बडवून निकामी करीत. पुढे इटालियन पशुवैद्य बर्डिझो यांच्या नावाचा चिमटा आला. तो कातडी न फोडता आतली नाडी चिरडतो. रक्तपुरवठा तुटून वृषण सुकतो. मुद्दाम केलेल्या या इजेला आपल्याकडे शब्द होता, अवजार होते, जाणकारही होते. गाय फळवताना वळूला अपघाताने इजा झाली तर काय करावे, याची माहिती मात्र थोड्यांनाच असते.

मावळात, विशेषतः लोणावळ्याकडच्या उतारांवर, पावसाळ्यात जमीन निसरडी असते. गायीवर चढलेल्या वळूचा पाय घसरतो किंवा ऐन वेळी गाय बाजूला सरकते. वळूचे लिंग घोड्यासारखे फुगत नाही. ते तंतुमय असून आत इंग्रजी ‘एस’सारखे दुमडलेले असते, समागमाच्या वेळी ही घडी सरळ होते. त्या क्षणी ते जोरात वाकले तर भोवतीचे चिवट आवरण फाटते, रक्त बाहेर साचते आणि वृषणकोशाच्या लगेच पुढे सूज दिसते.

ही सूज गळू समजून कधीही चिरू नये. साचलेल्या रक्तात जंतू शिरले की खरोखरच गळू होते. आधी वळू लघवी नीट करतो का, हे पाहावे. लघवी अडली असेल तर मूतखड्याने मूत्रमार्ग फुटल्याची शंका येते आणि मग तासांचा प्रश्न असतो. रक्ताचीच सूज असेल, तर पशुवैद्य प्रतिजैविके देतात, पाण्याने शेक सुचवतात. सूज मोठी असेल तर पहिल्या आठ-दहा दिवसांत शस्त्रक्रियेने गाठ काढून आवरण शिवतात. उशीर झाला की आतले थर एकमेकांना चिकटतात.

वृषणाच्या इजेत शत्रू असतो उष्णता. वृषणाला शरीरापेक्षा काही अंश थंडावा लागतो. एक वृषण सुजला की त्याच्या उष्णतेने दुसराही बिघडतो. म्हणून कधी कधी एक काढून दुसरा वाचवतात. नवे शुक्रजंतू तयार होऊन बाहेर यायला सुमारे दोन महिने लागतात. तेव्हा जखम भरली म्हणजे वळू बरा झाला, असे नव्हे.

म्हणजे इजा कोणतीही असो, औषधाइतकीच साठ दिवसांची विश्रांती महत्त्वाची. अडचण इथेच आहे. गाय दर एकवीस दिवसांनी माजावर येते. साठ दिवसांत जवळजवळ तीनदा. गावात एकच वळू असेल तर दारात आणलेली गाय परत कोण पाठवणार? विश्रांती मोडते, फाटलेले पुन्हा फाटते आणि वळू कायमचा बाद होतो.

याच जिल्ह्यात उरुळी कांचनला मणिभाई देसाई यांनी 1967 साली ‘बायफ’ उभारली आणि कृत्रिम रेतन शेतकऱ्याच्या दारापर्यंत नेले. त्या सोयीने गावचा वळू मागे पडला, हे खरेच. पण आज जखमी वळूला ते साठ दिवस मिळू शकतात, तेही याच सोयीमुळे. माजावरची गाय तेवढ्यापुरती रेतनाने भरवता येते, आणि वळू खुंट्यावर निवांत उभा राहू शकतो. गावठी वंश टिकवू पाहणाऱ्यांनी रेतनाला केवळ वळूचा वैरी मानू नये.

चिमटा पडायला मिनिटभर पुरते. वळू राखायचा असेल तर साठ दिवस मोजावे लागतात.