प्रोस्टेट कॅन्सर, 'लाईट' आणि रोजा : घरच्यांनी काय समजून घ्यावं?

गेल्या रमजानमध्ये आमच्या मोहल्ल्यातल्या एका चाचांची प्रोस्टेट कॅन्सरची 'लाईट' म्हणजे रेडिएशन चालू होती. चाचा रोजा ठेवून जायचे. मशीनवर फोटो निघायचा आणि टेक्निशियन म्हणायचा, "पिशवी रिकामी आहे, पाणी पिऊन या." दोनदा असं झालं आणि चाचांनी जाणंच सोडलं. शरमेने घरी बोलले नाहीत. मुलाला कळलं तेव्हा आठवडा गेला होता.

अशी वेळ आपल्या घरी येऊ नये म्हणून हे थोडं समजून घेऊ.

रोज फोटो कशासाठी?

प्रोस्टेट ही पुरुषांमध्ये लघवीच्या पिशवीखाली, गुदाशयाच्या पुढे असलेली छोटी ग्रंथी. ती एका जागी स्थिर नसते. पिशवी किती भरली, पोटात गॅस किती, यावर ती काही मिलिमीटर सरकते. किरण चुकले तर कॅन्सरला डोस कमी पडतो आणि पिशवी किंवा आतड्याला जास्त लागतो. मग जळजळ, वारंवार लघवी, शौचातून रक्त असे त्रास होतात.

म्हणून आता रोज किरण देण्याआधी मशीनवरच स्कॅन करतात. काही ठिकाणी ग्रंथीत सोन्याचे बारीक दाणे बसवतात, ते फोटोत खूण म्हणून दिसतात. ग्रंथी सरकलेली दिसली की टेबल तेवढं हलवून नेम धरतात.

पण ग्रंथी नुसती सरकली नसून आजूबाजूच्या अवयवांचा आकारच बदलला असेल तर? तिथे 'अ‍ॅडाप्टिव्ह' पद्धत कामाला येते. दर्जी जुन्या मापावर कपडा नुसता ओढून बसवत नाही, नवं माप घेऊन कापतो, तसंच. त्या दिवशीच्या चित्रावर डॉक्टर प्लॅन नव्याने आखतात. यात वेळ जास्त लागतो आणि ही मशीन सगळीकडे नाही. प्रत्येकाला तिची गरजही नसते. रोजचं इमेजिंग होतं का, हे मात्र जरूर विचारा.

नेम नेमका असला की फायदा होतो. अमेरिकेतल्या 'मिराज' अभ्यासात (2023) एमआरआय पाहून किरण दिलेल्यांपैकी सुमारे 24 टक्के रुग्णांना लघवीचा मध्यम किंवा जास्त त्रास झाला. सीटी पाहून दिलेल्यांत हेच प्रमाण 43 टक्के होतं. नेमकेपणामुळेच पूर्वी सात-आठ आठवडे चालणारा कोर्स आता बऱ्याच रुग्णांना 20 वेळा, काहींना फक्त 5 वेळा देता येतो.

आपल्या घरातले प्रश्न

*रोजा :* पिशवी भरलेली असली की तिचा बराच भाग आणि आतडी किरणांपासून दूर राहतात. त्यासाठी पाणी प्यावंच लागतं. आजारी माणसाला रोजा नंतर पूर्ण करण्याची सवलत कुरआनानेच (सूरह बकरा, आयत 185) दिली आहे. रमजान जवळ असेल तर कोर्स कधी सुरू करायचा, हे डॉक्टरांना आधीच विचारा.

*वुजू :* लघवी थेंब थेंब येत राहिली तर नमाज सोडू नका. माजूर माणसासाठी हनफी आणि शाफई दोन्ही मसलकांत सवलत आहे. तपशील वेगळा आहे, तो आपल्या आलिमांना विचारा.

*गुस्ल :* अंगावर शाईच्या खुणा केल्या असतील तर त्या घासू नका.

*नातवंडं :* बाहेरच्या मशीनने किरण घेतल्यावर अंगात काही उरत नाही. नातवाला मांडीवर घ्या, जमातीत उभे राहा, काही धोका नाही.

*खर्च :* महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार आहेत. रेशन कार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा.

चाचांच्या मुलाने डॉक्टर आणि इमाम साहेब, दोघांशी बोलून घेतलं. चाचांनी कोर्स पूर्ण केला, राहिलेले रोजे ईदनंतर ठेवले. पन्नाशी ओलांडलेल्या अब्बांना, मामूंना लघवीचा त्रास आहे का, हे आज जेवताना सहज विचारा. ते स्वतःहून सांगणार नाहीत.