पंधरावा माणूस

इंग्लंडात रग्बी दोन प्रकारची असते. एक टीव्हीवर दिसते. लंडनमधलं ट्विकनमचं मैदान, ८२ हजार प्रेक्षक, राष्ट्रगीत, आणि ज्यांच्या मानेचा घेर आपल्या मांडीएवढा असतो असे खेळाडू. दुसरी दर शनिवारी दुपारी गावाबाहेरच्या चिखलात खेळली जाते. तिथे प्रेक्षक मोजून तेरा, आणि त्यांतले दोन कुत्रे. पहिल्या रग्बीत लोक विचारतात, जिंकणार कोण? दुसरीत विचारतात, येणार कोण?

हा लेख दुसऱ्या रग्बीबद्दल आहे. इंग्लंडात रग्बी क्लब दोन हजारांच्या घरात आहेत आणि त्यांतले पूर्णपणे व्यावसायिक बोटांवर मोजण्याइतके. बाकी सगळा हौसेचा मामला. मी राहतो त्या यॉर्कशरमधल्या गावातही असा एक क्लब आहे. त्याच्या पंधरा-पंधरा जणांच्या तीन टीम आहेत. फर्स्ट फिफ्टीनची मुलं जिमला जातात. सेकंड फिफ्टीनची मुलं जिमला जायचा विचार करतात. थर्ड फिफ्टीनच्या मंडळींना जिम कुठे आहे ते माहीत आहे. तिच्या शेजारीच पब आहे.

थर्ड टीमच्या कप्तानाचा सामना शुक्रवारी संध्याकाळी व्हॉट्सॲपवर सुरू होतो. सोमवारी ज्यांनी ‘नक्की’ म्हणून अंगठा दाखवलेला असतो, ते एकेक करून गळायला लागतात. एकाच्या मेव्हणीचं लग्न निघतं. ऐन जानेवारीत इंग्लंडात कोण लग्न करतं, हे कप्तान विचारत नाही. दुसऱ्याचा गुडघा. गुडघा हे आता कारण राहिलेलं नाही, ते एक पद आहे आणि ते आळीपाळीनं प्रत्येकाकडे येतं. तेवढ्यात फर्स्ट टीममधला कुणीतरी तापानं पडतो. त्याच्या जागी सेकंडमधला वर जातो, सेकंडमधली जागा थर्डमधून भरली जाते, आणि शनिवारी सकाळी अकराला कप्तानाच्या यादीत चौदा नावं उरतात. मग शोध सुरू होतो पंधराव्या माणसाचा. आपल्याकडच्या हौशी नाट्यसंस्थेत ऐन प्रयोगाच्या दिवशी इन्स्पेक्टरचं काम करणारा बँकेच्या ऑडिटमध्ये अडकतो आणि प्रॉम्प्टरला मिशी लावून उभं करतात, तसाच हा प्रकार. कुणाचा भाऊ, कुणाचा भाडेकरू, चार वर्षांपूर्वी निवृत्त झालेला फुलबॅक. ज्याला दोन पाय आहेत आणि दुपारी काम नाही, तो चालतो.

इंग्लंडच्या रग्बी संघटनेलाही ही अडचण चांगली ठाऊक आहे. म्हणून खालच्या पातळीवर सवलती आहेत. दोन्ही बाजूंचं जमलं, तर अगदी दहा-दहा जणांनीही सामना खेळता येतो, वेळ कमी करता येतो, बदली खेळाडू पुन्हा पुन्हा आत-बाहेर करता येतात. पाहुणे बाराच आले, तर यजमान आपले एक-दोन गडी उसने देतात. असा उसना दिलेला गडी आपल्याच दोस्तांना जरा जास्तच उत्साहानं पाडतो. वर्षभराचे हिशेब चुकते करायची संधी रोज थोडीच मिळते?

खेळाची जुजबी माहिती अशी. एका बाजूला पंधरा, चाळीस मिनिटांचे दोन भाग. चेंडू हातानं द्यायचा तो बाजूला किंवा मागे, पुढे नाही. समोरच्या गोलरेषेपलीकडे तो जमिनीला टेकवला की ट्राय, पाच गुण. त्यानंतर दोन खांबांमधून किक गेली तर आणखी दोन. पेनल्टी किंवा ड्रॉप गोलचे तीन. जर्सीवरचा आकडा खेळाडूची जागा सांगतो. एक आणि तीन नंबर म्हणजे प्रॉप, त्यांच्या मधला दोन नंबर हुकर. हे तिघे मिळून फ्रंट रो, आणि हौशी क्लबात सगळ्यात दुर्मीळ माणसं हीच. स्क्रममध्ये, म्हणजे दोन्हीकडचे आठ-आठ जण खांदे भिडवून एकमेकांना रेटतात तेव्हा, आठ जणांच्या रेट्याचा भार त्यांच्या मानेवर येतो. त्यामुळे या जागेचं प्रशिक्षण नसलेल्याला तिथे उभं करता येत नाही. तसे तिघे नसतील, तर नुसती अंगाला अंग लावून, रेटा न देता स्क्रम करावी लागते. सामन्याआधी रेफरी बुटांचे खिळे तपासतो आणि फ्रंट रोला कोण कोण आहे ते विचारतो. म्हणून क्लबात प्रॉपला कुणी उलट बोलत नाही, अगदी खजिनदारही.

आमचा तीन नंबर पेशानं प्लंबर, वय पन्नाशीपलीकडे. स्क्रमला जाताना तो कानांभोवतीची चिकटपट्टी चाचपतो. घासून घासून कान सुजतो आणि कायमचा वेडावाकडा होतो, म्हणून फ्रंट रोवाले डोक्याला गोल पट्टी बांधतात. रेफरी ओरडतो, ‘क्राउच!’ सोळा माणसं गुडघ्यांत वाकतात आणि तीस-बत्तीस गुडघ्यांतून जो आवाज येतो तो मैदानाच्या कडेला स्पष्ट ऐकू येतो. ‘बाइंड!’ समोरासमोरचे प्रॉप एकमेकांची जर्सी घट्ट धरतात. ‘सेट!’ दोन भिंती एकमेकींवर आदळतात. थंडीच्या दिवसांत या ढिगातून चक्क वाफ निघते. आत काय चालतं हे बाहेरच्याला कळत नाही, पण ही माणसं वीस वीस वर्षं एकमेकांविरुद्ध खेळलेली असतात. त्यामुळे मुलगी कुठल्या युनिव्हर्सिटीत लागली, बॉयलर दुरुस्त झाला का, हेही तिथेच विचारून होतं. बाहेर नऊ नंबर चेंडू घेऊन उभा असतो. हा अकाउंटंट आहे, आणि मैदानावर स्वच्छ जर्सी एकट्या त्याचीच. तो चेंडू आत सोडतो, तेवढ्यात अख्खा डोलारा कोसळतो. कुणामुळे, हे सोळा जणांना ठाऊक नसतं, रेफरीला तर नसतंच. तो शिट्टी फुंकून एका दिशेला हात करतो आणि दोन्ही प्रॉप समजुतीनं मान हलवतात.

रेफरीला इथे ‘सर’ म्हणतात आणि त्याच्याशी बोलण्याचा अधिकार फक्त कप्तानाला. चिखलानं माखलेला दीडशे किलोचा गडी साठीतल्या किडकिडीत गृहस्थाला ‘सॉरी सर’ म्हणतो, हे दृश्य एकदा तरी पाहावं. निशाण घेऊन रेषेवर धावणारा टच जज मात्र क्लबानंच द्यायचा. ते काम बहुधा गळ्यात हात बांधलेल्या जखमी खेळाडूकडे येतं. पिवळं कार्ड मिळालं की दहा मिनिटं बाहेर. आमच्या टीममध्ये याला शिक्षा मानणारे फार नाहीत. दम खायला मिळाला, असंच त्यांचं मत.

हसण्यावारी न नेण्यासारखी एक गोष्ट म्हणजे डोक्याचा मार. मेंदूला बसलेल्या धक्क्याचे परिणाम आता नीट कळू लागले आहेत. म्हणून २०२३-२४च्या हंगामापासून इंग्लंडच्या हौशी रग्बीत टॅकल, म्हणजे चेंडूवाल्याला धरून पाडणं, छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या टोकापेक्षा वर करता येत नाही. आधी ही मर्यादा कमरेवर आणायचं ठरलं होतं. क्लबांनी एवढा गदारोळ केला की संघटनेला ती थोडी वर न्यावी लागली. डोक्याला मार बसल्याची नुसती शंका आली, तरी खेळाडू त्या दिवशी परत मैदानात उतरत नाही, आणि पुढचे निदान २१ दिवस सामना नाही. आमच्या प्लंबरसाहेबांची तक्रार वेगळीच आहे. ते म्हणतात, इतकं खाली वाकणं हीच मुळात दुखापत आहे.

हे सगळं शनिवारीच का, याचं उत्तर कापडगिरण्यांत सापडतं. १८५० च्या कायद्यानं इंग्लंडच्या गिरण्यांत स्त्रिया आणि किशोरवयीन कामगारांना शनिवारी दुपारी दोनला सोडणं सक्तीचं झालं. पुढे अर्ध्या सुट्टीचा हा रिवाज पसरला आणि शनिवारची दुपार खेळाची झाली. मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवारची सुट्टी मिळायला त्यानंतर चाळीस वर्षं जावी लागली. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यातून १० जून १८९० ला ती मिळाली. सुट्टी असल्याशिवाय हौस नाही, हे दोन्हीकडचं सत्य.

पण अर्धी सुट्टी पुरत नव्हती. दूरच्या सामन्याला जायचं, तर यॉर्कशर-लँकेशरच्या मजुराला शनिवार सकाळचं काम बुडवावं लागे, म्हणजे मजुरीही बुडे. उत्तरेच्या क्लबांचं म्हणणं होतं, बुडालेली मजुरी तरी भरून द्या. दक्षिणेतल्या सुखवस्तू मंडळींना यात व्यावसायिकतेचा वास आला आणि १८९३ मध्ये त्यांनी मागणी फेटाळली. अखेर २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेच्या क्लबांनी वेगळी चूल मांडली. दिवसाला सहा शिलिंगांपर्यंत भरपाई द्यायची त्यांनी मुभा ठेवली. त्या फुटीतून तेरा खेळाडूंची रग्बी लीग जन्मली. मूळच्या रग्बी युनियननं पैशाला दार उघडलं ते २६ ऑगस्ट १९९५ ला. फुटीची शंभरी भरायला तीन दिवस बाकी असताना! आमच्या क्लबाला त्याची अजून खबर नसावी. इथे खेळाडूच दर सामन्याला काही पाउंड भरतो. चिखलात लोळायचे पैसे तो स्वतःच देतो, आणि पावती मागत नाही.

हौशी कारभाराची परंपरा मात्र थोर आहे. २६ जानेवारी १८७१ ला लंडनच्या पॉल मॉल रेस्टॉरंटमध्ये २१ क्लबांनी मिळून रग्बी संघटना स्थापन केली. वॉस्प्स क्लबाचा प्रतिनिधी त्यात नव्हता. तो चुकीच्या पबमध्ये जाऊन बसला आणि तिथलं पेय बरं निघाल्यानं उठलाच नाही, असं सांगतात. प्रत्येक क्लबात हा माणूस आजही आहे.

यातली सगळ्यात सुरस कथा भारतातली. १८७२ च्या नाताळच्या दिवशी कलकत्त्यात एक सामना झाला. एका बाजूला इंग्लंड, दुसऱ्या बाजूला स्कॉटलंड, आयर्लंड आणि वेल्सचे लोक. त्यातून कलकत्ता फुटबॉल क्लब निघाला. फुकट बार होता तोवर सभासद भरपूर होते. बार बंद झाला आणि गर्दी ओसरली. ब्रिटिश पलटण दुसरीकडे हलली, पोलो-टेनिसनं माणसं ओढली, उकाडा होताच. क्लबाचे कप्तान, चिटणीस आणि खजिनदार ही तिन्ही पदं रॉथनी नावाच्या एकाच गृहस्थांकडे होती. यावरून पंधरावा माणूस मिळवणं किती अवघड झालं असेल ते समजावं. १८७८ मध्ये क्लब बंद झाला. बँकेत उरलेले चांदीचे रुपये वितळवून त्यांचा एक करंडक केला, तीन नागांचे कान आणि झाकणावर हत्ती असलेला, आणि तो लंडनला पाठवून दिला. १८७९ पासून इंग्लंड-स्कॉटलंड याच कलकत्ता कपासाठी खेळतात. १९८८ मध्ये सामन्यानंतर रात्री दोन खेळाडूंनी, स्कॉटलंडचा जॉन जेफ्री आणि इंग्लंडचा डीन रिचर्ड्स यांनी, तो एडिंबराच्या रस्त्यावर लाथाडत नेला आणि चेपवला. जेफ्रीवर काही महिन्यांची बंदी आली, रिचर्ड्स मात्र थोडक्यात सुटला. रॉथनींनी एवढ्या निगुतीनं जपलेला पैसा, आणि त्याचा असा फुटबॉल!

आमच्याकडे सामना संपला की दोन्ही टीम रांगा करून एकमेकांना टाळ्या देत आत धाडतात. मग क्लबहाउस. यजमानांनी पाहुण्यांना जेवू घालायचं, हा नियम कुठे लिहिलेला नाही, पण तो मोडलेला मी पाहिला नाही. सॉसेज, चिप्स, नाहीतर राजम्याची चिली. सामनावीराची निवड समोरची टीम करते, तर दिवसभरातल्या सर्वोत्तम गाढवपणाचं बक्षीस घरचे लोक देतात. रेषा ओलांडून ट्राय मारायच्या आधीच हात उंचावलेल्या आणि त्या नादात चेंडू पाडलेल्या गड्याला ते हमखास मिळतं. शेवटी प्रश्न उरतो जर्सीच्या गाठोड्याचा. पंधरा जर्सी आणि अर्धं मैदान ज्याच्या घरी धुवायला जातं, त्याच्या वॉशिंग मशीनचं आयुष्य फार नसतं.

स्त्रियांच्या रग्बीला तर माणसांची आणि पैशांची ही जमवाजमव जागतिक पातळीवर करावी लागली. १९९१ चा पहिला महिला विश्वचषक वेल्समध्ये चार मैत्रिणींनी स्वतःच्या हिमतीवर भरवला. सोव्हिएत टीमकडे परकीय चलनच नव्हतं. खर्च भागवायला विकता येतील म्हणून त्या बायका व्होडका, कॅव्हियार आणि बाहुल्या घेऊन उतरल्या आणि कस्टमवाल्यांच्या तावडीत सापडल्या. २०२५ मध्ये ट्विकनमला महिला विश्वचषकाच्या अंतिम सामन्याला ८१,८८५ प्रेक्षक होते.

आपल्याकडे मुंबईत बॉम्बे जिमखान्यावर रग्बी पावसाळ्यात रंगते. १९३३ च्या डिसेंबरात भारतातली पहिली क्रिकेट कसोटी जिथे झाली, तेच हे मैदान. अभिनेते राहुल बोस इथेच खेळले, भारताकडूनही खेळले, आणि पुढे राष्ट्रीय संघटनेचे अध्यक्ष झाले. जून २०२५ मध्ये अंधेरीत सहा फ्रँचायझींची रग्बी प्रीमियर लीगही झाली. ती सात-सात जणांची. सात माणसं जमवणं त्या मानानं सोपं.

मग इंग्लंडातले हे हौशी क्लब टिकतात कसे? उत्तर रविवारी सकाळी मिळतं. त्या वेळी मैदान पोराटोरांचं असतं. सात-आठ वर्षांखालची मुलं टॅग रग्बी खेळतात. कमरेला लावलेली पट्टी ओढली की टॅकल झालं. अंगाला भिडणारा खेळ नऊ वर्षांखालच्या गटापासून. मुलांना घेऊन बाप येतात, कॉफीचा कप हातात धरून कुडकुडत उभे राहतात, आणि त्यांच्यामागून थर्ड टीमचा कप्तान हलकेच फिरत असतो. खांदे बघतो, उंची बघतो, पोट दिसलं तर विशेष खूश होतो. तेव्हा इंग्लंडात राहणाऱ्या मराठी वाचकांना एवढंच सांगणं आहे. रविवारी सकाळी एखादा सुजलेल्या कानांचा गृहस्थ तुमच्या शेजारी येऊन उभा राहिला, हवापाण्याच्या दोन गोष्टी बोलला आणि सहज म्हणून तुमच्या बुटाचं माप विचारू लागला, तर समजून जा: शनिवारी त्याच्याकडे चौदाच आहेत.