हात घामेजले, तरी खुर्ची सोडली नाही

कल्पना करा, शनिवारची दुपार आहे. तुम्ही एका मोठ्या दुकानात वही-पेन घेतलंत, पैसे दिलेत, बिलही मिळालं. मग तिथल्याच काउंटरवर कॉफी प्यायला बसलात, तर उत्तर आलं, 'तुम्हाला इथे बसता येणार नाही.' म्हणजे तुमचे पैसे चालतात, तुम्ही चालत नाही!

अमेरिकेच्या दक्षिणेतल्या नॅशव्हिल शहरात कृष्णवर्णीयांसाठी हे रोजचंच होतं. १३ फेब्रुवारी १९६० रोजी शंभराहून जास्त विद्यार्थी अशा काउंटरवर शांतपणे जाऊन बसले. त्यात डायन नॅश होती, वय २१. शिकागोत वाढलेली ही मुलगी फिस्क विद्यापीठात शिकायला आली, तेव्हा जत्रेत स्वच्छतागृहांवर गोऱ्यांसाठी आणि काळ्यांसाठी वेगळ्या पाट्या दिसल्या. बसून खायला जागाच नाही म्हणून फुटपाथवर डबा खाणारी माणसं दिसली.

आज तिचं नाव इतिहासात आहे. पण तिच्या मुलाखती ऐका. ती सांगते, वर्गात बसल्यावर हातांना घाम फुटायचा. आपण पोरं, समोर वयाने आणि सत्तेने मोठी माणसं. कसं होणार आपलं?

मग धीर आला कुठून? चक्क तालमीतून! आणि त्या तालमीचा धागा आपल्या नागपूरला जोडलेला आहे. जेम्स लॉसन हा तरुण १९५३ ते १९५६ या काळात नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजमध्ये होता. तिथे त्याने गांधीजींच्या सत्याग्रहाचा अभ्यास केला. पुढे नॅशव्हिलमधल्या एका चर्चमध्ये तो या मुलांच्या कार्यशाळा घेऊ लागला. काही जण आंदोलक व्हायचे, काही गुंड. शिव्या द्यायच्या, तोंडावर धूर सोडायचा, खुर्चीवरून खेचायचं. आंदोलकाने हात उचलायचा नाही, उलट बोलायचं नाही. पुन्हा पुन्हा हेच.

२७ फेब्रुवारीला हे सगळं खरोखर घडलं. मुलांना मारहाण झाली आणि अटकही त्यांनाच झाली, ८१ जणांना. त्यात २० वर्षांचा जॉन लुईस होता. घरच्यांनी लहानपणापासून बजावलेलं, 'भानगडीत पडू नकोस.' त्या दिवशी पहिल्यांदा अटक झाली आणि आयुष्यात पहिल्यांदा मोकळं वाटलं, असं तो पुढे सांगायचा. कोर्टाने ५० डॉलर दंड ठोठावल्यावर मुलांनी तो भरला नाही, तुरुंग पत्करला. लॉसनला तर त्याच्या विद्यापीठाने काढूनच टाकलं.

१९ एप्रिलला आंदोलकांच्या वकिलाच्या घरावर बॉम्ब टाकला गेला. त्याच दिवशी हजारो लोक मूक मोर्चाने महापौरांकडे निघाले. तिथे डायनने महापौर बेन वेस्ट यांना थेट विचारलं, 'रंगावरून माणसात भेद करणं चूक आहे, असं तुम्हाला वाटतं का?' सगळ्यांसमोर त्यांना 'हो' म्हणावं लागलं. तिकडे बहिष्कारामुळे दुकानांचा धंदाही बसला होता. १० मे रोजी शहरातल्या सहा दुकानांचे काउंटर सगळ्यांसाठी खुले झाले.

मीही २२ वर्षांची आहे. चार लोकांसमोर चुकीला चूक म्हणायची वेळ आली की माझेही हात गार पडतात. तुमचंही होत असेल. 'आपल्यात तेवढी डेअरिंग नाही,' म्हणून आपण विषय सोडून देतो. डायनमध्येही ती तयार नव्हती. तिने सराव केला, एकटी गेली नाही आणि भीती वाटत असतानाच जाऊन बसली.