बाजार पेठेतच राहू द्या

सभासद बंधुभगिनींनो, बाजारादिवशी आपल्या उसाच्या ट्रॉल्या पेठेत अडकल्या की आपलेच लोक म्हणतात, "बाजार गावाबाहेर हलवा." मला हे पटत नाही. तिथं आपल्याच घरच्या बायका भाजी विकतात आणि तेलमीठ, कापडचोपड घेऊन परततात. त्यावरच पेठ चालते. त्यापेक्षा ट्रॉल्यांना हंगामापुरता बाहेरचा रस्ता द्या. नगरपरिषद, पोलीस आणि कारखाना एकत्र बसले तर होईल.

२०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार विक्रीच्या जागांचा आराखडा नगर पथविक्रेता समितीच्या शिफारशीनं होतो. समितीत किमान ४० टक्के विक्रेत्यांचे प्रतिनिधी, त्यांतल्या एक तृतीयांश महिला. पाच वर्षांतून एकदा तरी विक्रेत्यांचं सर्वेक्षण व्हावं लागतं. त्यात नाव नसेल तर बोलणार कोण? ऊसनोंदीसाठी गट ऑफिसला हेलपाटे घालता ना, तसा एक नगरपरिषदेतही घाला.