खिशांतली कचेरी

पूर्वी कचेरी सुटली म्हणजे कारकून वह्या, दौत-टांक आणि कपाटाची किल्ली तेथेंच ठेवून घरीं परते. कामाचीं साधनें धन्याचीं आणि घर आपलें, ही मर्यादा भिंती व दारें आपोआप पाळीत. आतां रत्नागिरीसारख्या शहरांतही नोकरदाराच्या स्वतःच्या मोबाईलमध्यें कचेरीची हजेरी, निरोप व अहवाल येऊन बसले आहेत. ज्या यंत्रांत मुलांचीं छायाचित्रें, डॉक्टरांची चिठ्ठी आणि बँकेचा हिशेब, त्याच यंत्रांत वरिष्ठांचीही बैठक मांडली गेली आहे.

या प्रश्नाचें बोलकें उदाहरण अंगणवाडी सेविकांचें होय. कोंकणांतील विखुरलेल्या वाड्यांपासून मुंबईच्या चाळींपर्यंत बालकांचीं वजनें व उंची नोंदण्याचें काम त्या करितात. त्यासाठीं सरकारनें त्यांस मोबाईल दिले. पुढें मार्च २०२१ मध्यें ‘पोषण ट्रॅकर’ हें ॲप आलें. हलक्या प्रतीच्या त्या यंत्रांवर तें नीट चालत नाहीं आणि त्याची भाषा इंग्रजी, अशी सेविकांची तक्रार होती. ऑगस्ट २०२१ मध्यें महाराष्ट्रभर त्यांनीं ते मोबाईल सरकारला परत करण्याचें आंदोलन केलें. दिलेलें साधन निरुपयोगी ठरलें म्हणजे कामाचा भार साहजिकच स्वतःच्या मोबाईलवर येतो. हा प्रश्न खर्चाचा आहेच. परंतु केवळ खर्चाचा नाहीं.

प्रत्येक ॲप कांहीं परवानग्या मागतें. हजेरीपुरतें ठिकाण विचारणाऱ्या ॲपला ती परवानगी सदासर्वकाळ दिली, तर मनुष्य रविवारीं कोठें गेला हेंही त्यास कळूं शकतें. कांहीं कंपन्या तर संपूर्ण यंत्राचें नियंत्रण मागून घेतात. नोकरी सुटतांच त्यांतील सर्व मजकूर, घरगुती छायाचित्रांसह, दुरूनच पुसतां येतो. यावर उपाय नाहीं असें नाहीं. अँड्रॉइड मोबाईलमध्यें ‘वर्क प्रोफाइल’ नांवाचा स्वतंत्र कप्पा करितां येतो. कचेरीची सत्ता त्या कप्प्यापुरती चालते आणि पुसावयाचें झाल्यास तेवढाच पुसला जातो.

२४ ऑगस्ट २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं पुट्टस्वामी खटल्यांत खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. तथापि २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यांत नोकरीच्या कारणासाठीं माहिती संमतीवांचून वापरण्याची मुभा धन्यास ठेविली आहे. आणि संमती विचारली तरी, पगार देणाऱ्यानेंच विचारल्यावर ‘नाहीं’ म्हणणें किती जणांस परवडतें?

म्हणून ॲप घेण्यापूर्वीं चार प्रश्न लेखी विचारणें इष्ट: कोणती माहिती घेतली जाते, ती कोण पाहतो, किती काळ ठेवितात, आणि नोकरी सुटल्यावर तिचें काय होतें? मोबाईल द्यावयाचा कीं कामाचा स्वतंत्र कप्पा करावयाचा, हें धन्यानें ठरवावें. परंतु घराची किल्ली मात्र घरच्यांच्याच हातीं राहिली पाहिजे.