विश्लेषण : वेबसाइटवरील रकाने दृष्टिहीनांसाठी ‘निनावी’ का राहतात?

बँकेचे केवायसी असो, रेल्वेचे तिकीट असो की महाविद्यालयाचा प्रवेश अर्ज, बहुतेक कामे आता मोबाइलवर होतात. डोळस व्यक्तीला रकान्याशेजारी ‘जन्मतारीख’ हा शब्द दिसतो. अनेकदा दृष्टिहीन व्यक्तीला मात्र फोनमधून फक्त ‘एडिट बॉक्स’ एवढेच ऐकू येते. काय भरायचे तेच कळत नाही, आणि मग आधार क्रमांक, पिन, ओटीपी दुसऱ्याच्या हाती सोपवावे लागतात.

नेमकी अडचण काय?

दृष्टिहीन व्यक्ती स्क्रीन रीडर वापरतात. अँड्रॉइडवर टॉकबॅक, आयफोनवर व्हॉइसओव्हर, तर विंडोज संगणकावर मोफत मिळणारा एनव्हीडीए. ही साधने पानाच्या मागचा कोड वाचतात. रकान्याशेजारी शब्द असला, पण कोडमध्ये तो रकान्याशी जोडलेला नसला, तर रकाना निनावी राहतो. दरवर्षी १० लाख संकेतस्थळांची मुख्यपृष्ठे तपासणाऱ्या अमेरिकेतील ‘वेबएम’ला २०२५ मध्ये जवळपास निम्म्या पानांवर असे लेबल नसलेले रकाने आढळले.

लेबल देण्याच्या पद्धती कोणत्या?

पहिली पद्धत एचटीएमएलमधील साध्या ‘लेबल’ टॅगची. रकान्याला एक ‘आयडी’ द्यायचा आणि लेबलच्या ‘फॉर’मध्ये तोच लिहायचा. दुसरी, ‘आरिया-लेबल्डबाय’. यात पानावर आधीच असलेला मजकूर रकान्याचे नाव म्हणून वापरला जातो. तिसरी, ‘आरिया-लेबल’. हे नाव पडद्यावर दिसत नाही, फक्त स्क्रीन रीडरला मिळते. याशिवाय रकान्याच्या आत फिकट अक्षरांत सूचना असते, ती ‘प्लेसहोल्डर’. टाइप करू लागताच ती नाहीशी होते, म्हणून तिला लेबल मानू नये.

कोणती पद्धत केव्हा?

दिसणारे आणि जोडलेले लेबल ही पहिली पसंती. ते सर्वांनाच उपयोगी पडते. लेबलवर बोट ठेवले तरी कर्सर रकान्यात जात असल्याने हात थरथरणाऱ्यांचीही सोय होते. तक्त्यात प्रत्येक चौकटीला वेगळे लेबल देण्यास जागा नसते. तिथे ‘आरिया-लेबल्डबाय’ने ओळीचे व स्तंभाचे शीर्षक एकत्र जोडता येते, ‘मे, वीजबिल’ असे ऐकू येते. ‘आरिया-लेबल’ मात्र भिंगाच्या चिन्हासारखे, शब्दच नसलेले बटण असेल तेव्हा वापरावे.

लपलेल्या लेबलचा धोका काय?

एकाच रकान्याला अनेक नावे दिली, तर ब्राउझर आधी ‘आरिया-लेबल्डबाय’, मग ‘आरिया-लेबल’ आणि त्यानंतर साधे लेबल विचारात घेतो. म्हणजे लपलेले नाव दिसणाऱ्या नावावर मात करते. बटणावर ‘पुढे जा’ असेल आणि आत ‘सबमिट’ लिहिलेले असेल, तर आवाजावर फोन चालवणाऱ्याने ‘पुढे जा’ म्हटले तरी बटण दाबले जाईलच असे नाही. दिसणारे शब्द नावात असलेच पाहिजेत, अशी अट २०१८ च्या ‘डब्ल्यूसीएजी २.१’ या आंतरराष्ट्रीय निकषांत आहे.

कायदा काय सांगतो?

२०११ च्या जनगणनेनुसार देशात सुमारे ५० लाख व्यक्तींना दृष्टिदोषामुळे अपंगत्व आहे. माहिती-तंत्रज्ञान अपंगांना वापरता येण्याजोगे असावे, असे अपंग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ सांगतो. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांची उपलब्धता हा अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग ठरवला आणि केवायसीसाठी २० निर्देश दिले.

सामान्य वापरकर्त्याला तपासता येते?

होय. कोणताही ऑनलाइन अर्ज उघडून रकान्याऐवजी त्याच्या नावावर बोट ठेवावे. कर्सर रकान्यात गेला, तर लेबल जोडलेले आहे. गेला नाही, तर शंकेला जागा आहे. टॉकबॅक सुरू करून रकान्याचे नाव ऐकू येते का, ते पाहावे. टॉकबॅकमध्ये एकदा स्पर्श केल्यास नाव ऐकू येते आणि निवडीसाठी दोनदा टॅप करावे लागते. नाव ऐकू आले नाही, तर संबंधित सेवेकडे तक्रार करताना नेमका कोणता रकाना निनावी आहे तेही कळवावे. दुरुस्ती बहुधा कोडच्या एखाद-दुसऱ्या ओळीचीच असते.